खाल्लेली ओळ

मोजणीकाका छापखान्यात आले की लगेच बोलायचे नाहीत. दारात चपला काढायचे, जोडीनं भिंतीला लावायचे आणि उभ्या उभ्या सगळ्या खोलीवरून नजर फिरवायचे. मग म्हणायचे, "माठ दोन वीत सरकलाय." किंवा, "शालन आज रडून आलीय, विचारू नका तिला काही." किंवा मग नुसतंच "हं." त्या हंनं आमचा जीव टांगणीला लागायचा. यांना काय दिसलं असेल, या विचारानं अक्षरं जुळवणाऱ्या आम्ही चौघीजणी आपापले पदर, वेण्या, जेवणाचे डबे चाचपून बघायचो. दिवसभर विचारलं तरी सांगायचे नाहीत. संध्याकाळी चपला घालता घालता सांगायचे, "मालक घड्याळाला किल्ली द्यायला विसरलेत." एवढंच. आणि एवढ्याशासाठी आम्ही सकाळपासून घोर लावून घेतलेला.

"असं का करताय ओ काका?" शालन एकदा चिडून म्हणाली.

"दिवस कसा गेला तुमचा?"

"कुठं गेला ते कळलंबी न्हाई."

"मग झालं तर."

मोजणीकाका हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. सरकारी मोजणी खात्यात होते, तासगावला राहायचे. साखळी घेऊन बांधाबांधानं हिंडायचं, भावाभावांच्या वाटण्या मोजायच्या, हद्दीचे दगड पुरायचे, हे त्यांचं पोटाचं काम. आणि जिवाचं काम म्हणजे रहस्यकथा लिहिणं. वर्षाकाठी एक पुस्तक व्हायचं, तेही टोपणनावानं. त्यांचं खरं नाव मी इथं लिहिणार नाही आणि टोपणनावही नाही. दोन्ही त्यांनी जपली होती, तर मी कशाला उघडी करू?

मी आष्ट्याची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. वडलांना कामावर पाठीला मार बसला, ते घरी बसले, आणि मी एसटीनं रोज सांगलीला छापखान्यात यायला लागले. ही गोष्ट एकोणीसशे सत्तर उलटून गेल्यानंतरची. तेव्हा पुस्तकं खिळ्यांनी छापायचे. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा शिशाचा तुकडा. तो कप्प्यातून उचलायचा, उलटा लावायचा, असे खिळे जुळवत जुळवत ओळ, ओळीला ओळ लावून पान, आणि सोळा पानं झाली की त्याचा एक फर्मा. फर्मा छापून झाला की पानं सोडायची, खिळे पुन्हा आपापल्या कप्प्यात टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागायचे. तेवढेच होते. म्हणजे बघा, छापलेलं पान एकदा सुटलं की ते जगात कागदावरच उरायचं. लेखकाला मागं जाऊन त्यात बोट घालता यायचं नाही. मी जे काही शिकले ते त्या कप्प्यांपुढं उभी राहून शिकले. दुसऱ्याची वाक्यं एकेक अक्षर करून उचलली की ती हातात मुरतात.

काकांना हे आमचं काम फार आवडायचं. त्यांच्या पुस्तकाचं काम चालू असलं की रजा टाकून यायचे, कोपऱ्यातलं स्टूल ओढायचे आणि आमच्या हातांकडं बघत बसायचे. तोंडाकडं नाही, हातांकडं. आमचे हात सवयीनं चालायचे, टिक टिक टिक, खिळ्यावर खिळा. कथेत काही भयंकर जवळ यायला लागलं की हात आपसूक सावकाश व्हायचा. पुढचं वाक्य कागदावर बघायला डोळा पळायचा आणि हात मागं राहायचा. काका तेवढ्यासाठी टपलेले असायचे. हात थांबला की वहीत खूण करायचे. जिथं थांबायला हवा होता आणि थांबला नाही, ते पान घरी नेऊन पुन्हा लिहायचे. त्यांच्या पुस्तकावर पेपरात कधी दोन ओळी छापून आल्या नाहीत. आमचे हात हेच त्यांचे परीक्षक.

शेवटचं प्रकरण मात्र आधी कधीच द्यायचे नाहीत. सगळे फर्मे छापून झाले की शेवटी पिशवीतून काढायचे.

"खुनी कोण ते तुम्हाला आधी कळलं तर तुमचा हात खोटं बोलायला लागेल," म्हणायचे.

आम्ही पैजा लावायचो. मी कायम हरायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, आदी सगळं सांगितलेलं असतंय, तरी घावत कसं न्हाई?"

तेव्हा त्यांनी मला हद्दीच्या दगडाची गोष्ट सांगितली. म्हणाले, "शेताचा दगड पुरतो ना आम्ही, तो दिवसाढवळ्या पुरतो. दोन्ही भाऊ हजर, पाच पंच हजर, पोलीसपाटील हजर. सगळे बघत असतात. आणि दहा वर्षांनी भांडण उकरलं की एकालाही दगडाची जागा सांगता येत नाही. का? तर त्या दिवशी प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. थोरल्याचं तोंड कसं पडलंय, धाकटा कसा हसतोय. दगडाकडं कोण बघतंय? मी पण खूण तशीच पुरतो. सगळ्यांच्या देखत. फक्त त्याच वेळेला शेजारी भांडण लावून देतो."

हे मी मनात धरून ठेवलं. पण त्यानंही माझं समाधान झालं नव्हतं. शालननं दुसरं विचारलं. ती सासर सोडून माहेरी आलेली, जीभ जरा तिखट. म्हणाली, "खून झाल्यावर भ्या वाटतंय ते समजतंय. पन तुमच्यात कायबी झालेलं नसतंय, तवाच पोटात गोळा येतोय. ते कसं करताय?"

काका म्हणाले, "लेक सासरी निघते. गाठोडं बांधताना आई त्यात हळदीची पुरचुंडी घालते. सांगलीच्या लेकीला, ज्या घरात हळदीचीच आडत आहे तिथं जाताना. आई काही बोलत नाही, लेक काही विचारत नाही. पण गोळा येतो का नाही पोटात? सासरी कधी लागलं खुपलं तर, एवढंच त्या पुरचुंडीत असतं. आईला काही माहीत नसतं, लेकीलाही नसतं. तरी दोघींना कळलेलं असतं. तेवढंच करायचं. पुरचुंडी घालायची आणि बोलायचं नाही."

शालन खाली बघून खिळे लावत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझ्या आईनं घातलीती." काकांनी त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

आता त्यांच्या शपथेचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. काकांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच वाक्य असायचं: "खुनी ओळखायला जे जे लागतं ते सर्व शेवटच्या प्रकरणाआधी वाचकाला दिलेलं आहे." आणि खाली टोपणनावाची सही, ब्लॉक म्हणजे धातूचा ठसा करून छापलेली. मालक हसायचे. "काय ओ, कादंबरीला कसला दाखला जोडताय?" पण काका त्या बाबतीत थट्टा ऐकून घ्यायचे नाहीत.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीत नवे होते तेव्हा वरच्या साहेबांनी काढलेल्या एका नकाशावर त्यांनी जमीन चालून न बघता सही केली. साहेबांनी सांगितलं, करून टाक. त्या सहीनं एका घराची विहीर हद्दीपलीकडं गेली. पुढं कित्येक वर्षं त्या घरातल्या बाया दुसऱ्याच्या विहिरीवर घागर घेऊन ताटकळत उभ्या राहिलेल्या त्यांनी येता जाता बघितल्या. ती विहीर त्यांना परत देता आली नाही. "तेव्हापासून," म्हणाले, "सहीखाली खोटं गेलं तर सही करायला हात उचलायचा नाही पुन्हा, असं ठरवलंय. नकाशावर नाही आणि पुस्तकावरही नाही." हे बोलताना आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

तर त्या साली त्यांचं जे पुस्तक छापायला होतं ते हळदीच्या पेवावरचं. तुम्ही हरिपूरकडची पेवं बघितली असतील नसतील. जमिनीत खोल खणलेला खड्डा, वर तोंड बारीक, आत घागरीसारखं पोट. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणूस मारते. आधी दोरीला बांधून पेटता कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं.

कथेत एक आडत्या पेवात उतरतो आणि मरतो. त्याचा भागीदार छाती पिटून सांगतो की, मी स्वतः कंदील सोडून बघितला, चांगला जळत होता, शेठचं काळीज बंद पडलं असणार. सगळ्यांना पटतं. तपास करणारा काकांचा नेहमीचाच, गुरांच्या दवाखान्यातला कंपौंडर. तो दुसऱ्या दिवशी वखारीत जातो तेव्हा आडत्याच्या दोन सुनांचं भांडण जुंपलेलं असतं. भांडण तर असं लिहिलं होतं की माझ्या हातातून खिळे सांडायचे हसून.

ते प्रकरण मी जुळवलं, काकांनी प्रूफ बघितलं आणि खूश होऊन भांडणात आणखी दोन वाक्यं घातली. नंतर ते जतकडं मोजणीला निघून गेले. इकडं पान बसेना. प्रकरणाच्या शेवटची एक ओळ उतू जाऊन पुढच्या पानावर एकटी पडायला लागली, आणि एका ओळीसाठी पुढची सगळी पानं सरकणार. मशीनवर कागद चढवून ठेवलेला. मशीनमन हाका मारतोय, "काय गं, लगीन लागतंय का फर्म्याचं?" मी शब्दांमधल्या फटी कमी करून बघितल्या, नाही बसलं.

आता सांगते. छापखान्यात अशा वेळी ओळ खातात. सगळीकडं खातात, कबूल कोणी करत नाही. ज्याच्या जाण्यानं काही बिघडत नाही असं एखादं वाक्य काढून टाकायचं. मी भांडणातलं काढलं नाही, भांडण रंगात आलेलं. मधेच एक वाक्य होतं, बरोबर एक ओळीचं: "खुंटीवर वखारीतला एकुलता एक, नवा कंदील टांगलेला होता, त्याची वात अजून पांढरीशुभ्र होती." म्हटलं, बायका एकमेकींच्या झिंज्या ओढतायत आणि यांना कंदिलाची वात कुठं सुचली. काढलं. पान टुमदार बसलं. फर्मा छापला, पानं सुटली, खिळे कप्प्यात गेले.

तीन आठवड्यांनी काका शेवटचं प्रकरण घेऊन आले. स्टुलावर बसले. मी लावायला लागले. टिक टिक टिक. कंपौंडर सगळ्यांना पेवापाशी गोळा करतो. भागीदाराला म्हणतो, "कंदील तुम्ही सोडला होता, नाही का?" भागीदार म्हणतो, "सोडला होता." कंपौंडर म्हणतो, "वखारीत कंदील एकच. त्याची वात दुसऱ्या दिवशी पांढरी कशी होती?"

माझा हात थांबला. थांबला म्हणजे हवेतच राहिला, बोटात खिळा तसाच.

"थांबला," काका हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा लेकराच्या पहिल्या पावलाकडं बघावं तसा झाला होता. "शालन, बघितलंस? थांबला हात." आणि वहीत खूण केली.

बोलले तर नोकरी जाणार. लग्नपत्रिकेवरचा गणपतीचा ब्लॉक उलटा लावला म्हणून मालकांनी माझ्या आधीच्या मुलीला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. घरात मिळवणारी मी एकटी. आणि न बोलले तर पहिल्या पानावर काकांच्या सहीखाली खोटं जाणार. शपथेचं पान तर केव्हाच छापून झालेलं.

दुपारी ते मागच्या अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी जाऊन उभी राहिले.

"काका, ती ओळ न्हाई पुस्तकात."

"कुठली?"

"वातीची. पान बसंना, म्हनून मी खाल्ली."

शेंगा फोडायचा हात थांबला नाही त्यांचा. चार पाच शेंगा फोडल्या, दाणे फडक्यावर ठेवले. मग म्हणाले, "तीच का?"

"काय?"

"अख्ख्या पानात तीच का खाल्लीस?"

"ती नसली तरी चालंल आसं वाटलं. खरं सांगते काका. तीच एक बिनकामाची वाटली."

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यात पाणी होतं का हसू, मला अजून सांगता येत नाही. म्हणाले, "इतकी बेमालूम बसली होती?" आणि फडकं माझ्यापुढं सरकवलं. "दाणे खा. मग मालकांकडं जाऊ."

मालकांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "फर्मा परत छापायला कागद कुठनं आणू? कागदाची टंचाई तुमाला ठावं हाय. शुद्धिपत्र लावू की. एक चिठ्ठी चिकटवायची, अमुक पानावर ही ओळ वाचावी."

"एकट्या वातीचं शुद्धिपत्र?" काका म्हणाले. "त्यापेक्षा मुखपृष्ठावर भागीदाराचा फोटो छापा."

"मग ते शपथेचं पान फाडा."

"फाडता येईल. मग हे माझं शेवटचं पुस्तक."

मालक त्यांच्याकडं बघत राहिले. थट्टा नव्हती, हे त्यांनाही कळलं. बाहेर छपाईचं ट्रेडल मशीन खडखड करत होतं. माझ्या तोंडून कसं निघालं ठाऊक नाही.

"एकाच ओळीचं कशाला? वीस चुकांचं करूया. त्यात ही एक."

काकांनी मान वळवली. "भांडण लावून देतेस होय गं?"

"तुमीच सांगितलंसा दगडाचं."

मालक ताडकन उठले. "वीस चुका? माझ्या छापखान्याची अब्रू काय ती? माझ्यात वीस चुका होत न्हाईत."

"आणि खोट्या चुका मी छापणार नाही," काका म्हणाले. "शपथ राखायला खोटं बोलायचं असेल तर शपथ कशाला? असतील त्या खऱ्याच पाहिजेत."

म्हणून मग रविवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघी, काका आणि मालक असे छापलेले कागद मांडून बसलो, स्वतःच्या चुका शोधायला. आयुष्यात असा दिवस मी पुन्हा बघितला नाही. एरवी चूक सापडली की आम्ही ती एकमेकींवर ढकलायचो. त्या दिवशी शालन नाचत आली, "माझी सापडली, दोनदा लावलाय मी शब्द." दुसरी म्हणाली, "ती माझी हाय, मी लावलंय ते पान." मालक प्रत्येक चुकीला दाढ दुखल्यासारखे कण्हत होते. दुपारपर्यंत नऊ झाल्या आणि मग मिळेनात. आम्ही खरंच चांगलं काम करायचो, त्या दिवशी मात्र त्याचा त्रास झाला.

तेवढ्यात शालन कागद नाकापाशी धरून म्हणाली, "काका, ही म्हस दुसऱ्या प्रकरणात मेलीया."

"हो. मेली."

"सहाव्यात दूध देतीया."

काकांनी कागद हातात घेतला. वाचला. कानापर्यंत लाल झाले. मालक दिवसभरात पहिल्यांदा हसले, असे हसले की टोपी पडली. "ही आमची न्हाई. ही लेखकाची चूक हाय. ही वर घाला, एक नंबरला." तिथून पुढं काकांच्याच चुका निघाल्या. सोमवारी झालेली पंचायत पुढं बुधवारी झालेली, सुनेचं माहेर एकदा मिरज नि एकदा विटा. सतरा भरल्या. वातीची ओळ अकरावी. म्हैस एक नंबरला न घालता तिच्या आधी घातली आणि नंतर सुनेचं माहेर.

उठताना मालकांनी विचारलंच. "ते ऱ्हाऊ दे. ओळ खाल्ली कुणी?"

मी तोंड उघडणार एवढ्यात काका बोलले. "ओळ टाकून द्यावीशी वाटावी म्हणूनच मी तशी लिहिली होती. जुळवणाऱ्यानं माझं म्हणणं ऐकलं. दोष माझा आहे." आणि कागदावर वरती लिहिलं, 'लेखकाचे शुद्धिपत्र'. ज्या माणसाला म्हशीवरून मान वर करता येत नव्हती, त्यानं सतराच्या सतरा आपल्या नावावर घेतल्या. आणि ओळीबद्दल ते जे बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं.

पुस्तक आलं. वाचकांची कार्डं यायला लागली. बरीच शुद्धिपत्राला हसणारी. एकानं लिहिलं, तुमची म्हैस मेल्यावर दूध देते, तर आडत्याला पण उठवायचा होता. काका ती कार्डं आम्हाला वाचून दाखवायचे आणि समाधानानं घडी घालून ठेवायचे. फसवलं असं कोणी म्हणत नव्हतं.

आणि मग साताऱ्याहून एक कार्ड आलं. बाईच्या अक्षरात होतं, खाली थरथरती सही एका निवृत्त हवालदाराची. "तुमची सगळी पुस्तके वाचली. मानत होतो. पुस्तकात वात कुठे आहे? पहिल्या पानावर सही कशाला केली? आता तुमचे वाचणार नाही." बास.

काका ते कार्ड खिशात घालून बसून राहिले. नव्या पुस्तकाची पानं आणली होती, ती पिशवीतून काढलीच नाहीत. म्हणाले, "चिठ्ठी गळून पडली असेल. त्याच्यापुरतं खोटंच झालं ते." मी म्हटलं, पत्रानं कळवा. म्हणाले, "विहीर पत्रानं परत देतात होय? मी जाऊन येतो."

"मी बी येते."

असे आम्ही साताऱ्याला निघालो. काका, मी, आणि एकटीला कसं पाठवायचं म्हणून माझी आई. आईला शेवटपर्यंत वाटत होतं की हे कोर्टाचं काम आहे. कराडच्या स्टँडवर मला हळूच म्हणाली, "विचारलं तर तू काय बगितलं न्हाईस म्हनून सांग."

हवालदार गोडोलीत राहायचे. दोन खोल्यांचं घर, दारात लिंबाचं झाड. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, काळा चष्मा लावून खाटेवर ताठ बसलेले. काकांनी आपण कोण ते सांगितलं. हवालदार म्हणाले, "बसा." आवाज सैल झाला नाही. सुनेनं चहा आणून ठेवला. काकांनी कपाला हात लावला नाही.

पुस्तक कोनाड्यात होतं. काकांनी उघडून बघितलं तर चिठ्ठी जागच्या जागी, नीट चिकटलेली. सून म्हणाली, "मामंजींना वाचाय बंदी हाय, मीच वाचून दावते. ती यादी न्हाई वाचली. चुकांची यादी कुणी वाचतंय व्हय?"

काकांनी मान खाली घातली. सतरा चुकांत लपवलेली ओळ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. म्हणाले, "हवालदारसाहेब, दोष माझा."

"न्हाई," मी म्हटलं. आईनं मागनं माझा पदर ओढला. "ओळ होती. छापताना मी खाल्ली. ह्येंनी लिवलीती."

"वाच मग," हवालदार म्हणाले. "जितं होती तितं घालून वाच."

मी पान काढलं. सुनांचं भांडण सुरुवातीपासून वाचलं. थोरली धाकटीला म्हणते, तुझ्या माहेरची शेळी पण नाकात बोलते, आणि मधेच कंदील, पांढरीशुभ्र वात, आणि धाकटी लाटणं उचलते. हवालदार शेळीला जे हसायला लागले ते लाटण्यापर्यंत हसतच होते. चष्म्याखालून पाणी पुसलं. मग हसू ओसरलं.

"आली का वात?" त्यांनी विचारलं.

"आली की," मी म्हटलं. "आत्ताच गेली."

"परत वाच."

परत वाचलं. या वेळेला ते हसले नाहीत. वातीपाशी बोट वर केलं आणि बराच वेळ तसंच धरलं. माझी आईसुद्धा खाटेजवळ सरकून ऐकत होती.

"ही ओळ आसती," हवालदार सावकाश म्हणाले, "तरी मला भागीदार घावला नसता."

काकांनी मान वर केली.

"पन लय फरक हाय बगा, सायेब. तवा तुमी मला फसवलं नसतं. माझा मी फसलो असतो." आणि सुनेकडं तोंड करून म्हणाले, "ह्येंच्या नव्या पुस्तकाचं कधी हाय ते इचारून घे."

काकांनी इतका वेळ न शिवलेला चहा उचलला. पार निवला होता. तो त्यांनी बशीत ओतला आणि फुंकर घालत घालत प्यायला.